अहिल्यानगर जिल्ह्यातील किमान तापमानाचे दिनविक्रम

एखाद्या वेधशाळेत वर्षातील ठरावीक तारखेला आजवर नोंदले गेलेले सर्वांत कमी तापमान म्हणजे त्या तारखेचा किमान तापमानाचा दिनविक्रम होय. उदाहरणार्थ, १७ जानेवारी या तारखेच्या सर्व वर्षांच्या नोंदी एकत्र मांडल्यास त्यांतील नीचांक हा त्या दिवसाचा विक्रम ठरतो. अशा प्रकारे एका वेधशाळेचे वर्षाला ३६६ दिनविक्रम असतात. त्यांतील सर्वांत कमी आकडा हा त्या ठिकाणचा सार्वकालिक नीचांक असतो. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात रब्बी पिके, फळबागा व पीकविमा यांच्या दृष्टीने या नोंदींना विशेष महत्त्व आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

सुमारे १७,००० चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा हा जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा आहे. पश्चिमेकडील अकोले तालुका सह्याद्रीत असून राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) त्याच्या सीमेवर आहे. पूर्व व दक्षिण भाग पर्जन्यछायेतील पठाराचा आहे, तर उत्तरेकडील भाग गोदावरी व प्रवरा यांच्या खोऱ्यांत येतो. अहिल्यानगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे.

हिवाळ्यात येथील हवा कोरडी व आकाश बहुधा निरभ्र असते. त्यामुळे दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता वेगाने बाहेर टाकते आणि किमान तापमान सूर्योदयाच्या सुमारास नोंदले जाते. थंड हवा जड असल्याने उतारावरून खाली सरकते व नदीकाठच्या सखल भागांत साचते. म्हणून एकाच पहाटे माळावरील गाव आणि जवळचे ओढ्याकाठचे शिवार यांच्या तापमानात काही अंशांचा फरक पडू शकतो.

डिसेंबर व जानेवारीत शहराचे सरासरी किमान तापमान १२ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पश्चिमी झंझावात उत्तर भारतावरून पुढे सरकला की त्याच्या मागून थंड व कोरडे उत्तरेचे वारे दक्षिणेकडे वाहू लागतात. हे वारे मध्य महाराष्ट्रापर्यंत पोहोचल्यावर येथे थंडीचा कडाका वाढतो.

नोंदीची पद्धत

भारतीय हवामानशास्त्र विभागाची स्थापना १८७५ मध्ये झाली. विभागाच्या वेधशाळांत तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत ठेवतात. ही स्टीव्हन्सन पेटी जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर बसवलेली असते. किमान तापमापकात मद्यार्क असतो. त्यातील छोटा दर्शक रात्रभरातील नीचांकावर थांबतो आणि सकाळी साडेआठ वाजता त्याचे वाचन होते.

जुन्या नोंदी फॅरनहाइट अंशांत आहेत. त्यांचे रूपांतर करताना ३३ अंश फॅरनहाइटचे ०.६, तर ३५ अंश फॅरनहाइटचे १.७ अंश सेल्सिअस होतात.

शेजारील व इतर ठिकाणांचे नीचांक

नाशिक व पुणे हे अहिल्यानगरचे शेजारी जिल्हे आहेत. तेथील व अन्य प्रमुख ठिकाणांचे नीचांक पुढीलप्रमाणे आहेत :

• दिल्ली (सफदरजंग) : उणे ०.६ अंश सेल्सिअस, १६ जानेवारी १९३५
• पुणे : १.७ अंश सेल्सिअस, १७ जानेवारी १९३५
• नाशिक : ०.६ अंश सेल्सिअस, ७ जानेवारी १९४५
• मुंबई (सांताक्रूझ) : ७.४ अंश सेल्सिअस, २२ जानेवारी १९६२
• नागपूर : ३.५ अंश सेल्सिअस, २९ डिसेंबर २०१८

हे सर्व नीचांक डिसेंबरअखेर ते २२ जानेवारी या काळातील आहेत. १९३५ मध्ये दिल्ली व पुणे येथील नीचांक लागोपाठच्या दिवशी नोंदले गेले, यावरून थंडीच्या लाटेचा विस्तार लक्षात येतो. मात्र शेजारच्या जिल्ह्याचा आकडा अहिल्यानगरला लावता येत नाही. प्रत्येक वेधशाळेचा विक्रम तिच्याच उंचीचा, परिसराचा व नोंदींच्या कालावधीचा असतो.

विक्रमाचा अर्थ

दिनविक्रम मोडला म्हणजे असाधारण थंडी पडली, असे नेहमीच नसते. हवामानात दीर्घकालीन बदल नाही असे गृहीत धरल्यास, ३० वर्षांच्या नोंदी असलेल्या ठिकाणी तिसाव्या वर्षी एखाद्या तारखेचा विक्रम मोडण्याची शक्यता तीसात एक असते. वर्षभरातील सर्व तारखा मिळून अशा सुमारे १२ नोंदी केवळ योगायोगाने होतात. शंभराव्या वर्षी त्या तीन-चारच उरतात. म्हणून विक्रमासोबत तो किती वर्षांच्या नोंदींवर आधारलेला आहे, हे सांगणे आवश्यक ठरते. वेधशाळेची जागा बदलल्यास किंवा भोवती वस्ती वाढल्यास जुन्या व नव्या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही.

थंडीची लाट ठरवण्यासाठी दिनविक्रम वापरला जात नाही. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी आणि सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी खाली असल्यास थंडीची लाट, तर घट ६.४ अंशांहून अधिक असल्यास तीव्र लाट मानतात. सरासरी १२ अंश धरल्यास ७.५ अंशांपासून लाट सुरू होते. याशिवाय प्रत्यक्ष किमान तापमान ४ अंशांपर्यंत उतरल्यास लाट आणि २ अंशांपर्यंत उतरल्यास तीव्र लाट समजली जाते.

शेतीवरील परिणाम

माफक थंडी गहू व हरभरा यांना पोषक असते. उसात साखर साठण्यासही ती उपयुक्त ठरते. मात्र पारा फार उतरल्यास द्राक्षमण्यांची फुगवण मंदावते, फुलोऱ्यातील रब्बी ज्वारीत दाणे कमी भरतात आणि कांद्याला डेंगळे येण्याचे प्रमाण वाढते. केळीचीही वाढ खुंटते.

निरभ्र व वारा नसलेल्या रात्री जमिनीलगतची हवा पेटीतील हवेपेक्षा काही अंशांनी अधिक थंड असते. त्यामुळे वेधशाळेत २ किंवा ३ अंशांची नोंद असतानाही पानांवरील दव गोठून पिकाची हानी होऊ शकते. अधिकृत आकडा शून्याच्या वर आहे, एवढ्यावरून पीक सुरक्षित असल्याचे मानता येत नाही. अशा रात्री पिकाला हलके पाणी देणे व पहाटे बांधावर शेकोट्या पेटवून धूर करणे हे उपाय प्रचलित आहेत.

हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत भरपाई संदर्भ हवामान केंद्राच्या नोंदीवरून ठरते. केळीसारख्या पिकासाठी किमान तापमान ठरावीक मर्यादेखाली सलग किती दिवस राहिले, हे पाहिले जाते. त्यासाठी राज्यातील दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत महावेध प्रकल्पाची स्वयंचलित केंद्रे आहेत. या केंद्रांच्या नोंदींचा इतिहास वेधशाळांच्या मानाने अल्प असल्याने त्यांवरील दिनविक्रम सहज मोडले जातात. परंतु गावाच्या जवळचा आकडा त्यांच्याकडूनच मिळतो. म्हणून दीर्घकालीन तुलनेसाठी जुन्या वेधशाळेची आणि स्थानिक नुकसानीच्या अंदाजासाठी मंडळातील केंद्राची नोंद अधिक उपयोगी ठरते.