पवई : चाळीस पैशांचा एकर आणि चाळीस मीटरचे घर

तळ्याशी आपले नाते हक्काचे आहे. महाडच्या चवदार तळ्यापासून आपल्या चळवळीचे एक पर्व सुरू होते, आणि म्हणून तळे म्हटले की आपल्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा : काठावर उतरण्याचा अधिकार कोणाला? पवईचे तळे मात्र पाण्यासाठी कोणी मागत नाही. ते दृश्य म्हणून विकले जाते. सदनिकेची खिडकी तळ्याकडे उघडत असेल तर तिचा भाव वाढतो. जे पाणी पिण्याच्या लायकीचे नाही, त्याच्या नुसत्या दर्शनाला दर आहे. हा दर कोणी निर्माण केला, कोणाच्या जमिनीवर, कोणत्या कायद्याच्या आधाराने आणि कोणाच्या श्रमाने, हे तपासावयाचे आहे.

मी या परिसरात पन्नास वर्षे राहत आहे. १९७२ च्या दुष्काळात माझे वडील मराठवाड्यातून निघाले ते चांदिवलीच्या दगडखाणीवर येऊन थांबले. वडील सुरुंगाची भोके पाडीत, आई खडी फोडी. त्यामुळे पवईविषयी मी तटस्थपणे लिहू शकेन असा दावा करीत नाही. परंतु पुढे जे लिहिले आहे ते आठवणींवर नव्हे, कागदांवर उभे आहे. आपल्या माणसाची आठवण कोणी पुरावा मानीत नाही, तेव्हा कागदच वाचावेत.

पहिला कागद कंपनी सरकारच्या काळातला. १७९९ मध्ये पवईची इस्टेट डॉ. स्कॉट नावाच्या इंग्रजाला वार्षिक ३,२०० रुपये खंडाने देण्यात आली. त्याच्या मृत्यूनंतर ती जप्त झाली, आणि १८२९ मध्ये फ्रामजी कावसजी या पारशी व्यापाऱ्याकडे गेली. फ्रामजींनी येथे ऊस, कापूस, नीळ यांच्या लागवडीचे प्रयोग केले; १८३८ मध्ये मुंबईचे आंबे त्यांनी विलायतेला राणीकडे धाडले, ही गोष्ट मुंबईचा इतिहास लिहिणारे हौसेने सांगतात. तिरंदाज, कोपरी, पासपोली, साकी, तुंगवे ही या परिसरातली गावे. त्या मळ्यांना पाणी कोणी घातले, आंब्याच्या पाट्या कोणी वाहिल्या, हे हा इतिहास सांगत नाही. इस्टेटीच्या इतिहासात मालक बदलतो, त्याचे नाव आणि साल नोंदले जाते. राबणारा बदलत नाही, म्हणूनच बहुधा त्याची नोंद करावी असे कोणाला वाटले नाही.

तळे पुढचे. मुंबई शहराची तहान भागविण्यासाठी १८६० मध्ये विहार तलाव पुरा झाला, १८७९ मध्ये तुळशी. तरीही पाणी पुरेना, म्हणून घाईघाईने एका ओढ्यावर बांध घालून १८९१ मध्ये पवईचा तलाव करण्यात आला. त्याचे पाणी पिण्यास चांगले निघाले नाही. दुसऱ्याच वर्षी तानसाचे पाणी शहराला मिळाले आणि पवईची गरज संपली. म्हणजे ज्या कामासाठी गावाची जमीन पाण्याखाली गेली, ते काम या तळ्याने धड केलेच नाही. पुढे ते गळ टाकून बसणाऱ्या साहेबांचे झाले, कारखान्यांना पाणी देणारे झाले, गणपती बुडविण्याचे झाले. आमच्यासाठी ते कपडे धुण्याचे आणि म्हशी पाहण्याचे ठिकाण होते. आई म्हणे, ‘गावात तळ्यावर जाऊ देत नव्हते, इथं जाऊ देतात तर मगरी आहेत.’

स्वातंत्र्यानंतर काठाचे भाग्य पालटले. लार्सन अँड टुब्रोचा कारखाना आला. १९५८ मध्ये भारतीय तंत्रविज्ञान संस्था स्थापन झाली, आणि दुसऱ्या वर्षी पंडित नेहरूंनी तिच्या इमारतीची कोनशिला बसविली. त्याच १९५८ साली मुंबई राज्यात कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा झाला. महारवतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये कायदेमंडळात जे विधेयक आणले होते, त्या लढ्याचा हा उशिरा मिळालेला शेवट. वतन गेले हे योग्यच झाले, ती गुलामगिरीच होती. परंतु वतनाची जमीन आपल्या नावे करून घेण्यासाठी सरकारला भोगवटा-मूल्य भरावयाचे होते, आणि ते भरण्याची ऐपत कितीजणांची होती? १९५९ आणि १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी तुरुंग भरले ते पडीक जमिनीच्या मागणीसाठी. ज्याला गावात जमीन मिळाली नाही तो शहरात आला. आणि शहरात त्याने जी जागा धरली तिला ‘अतिक्रमण’ हे नाव मिळाले. पवईच्या डोंगरउतारावरच्या वस्त्यांची पूर्वपीठिका ही आहे. झोपडपट्टीचा प्रश्न नगररचनेचा आहे असे समजणाऱ्या विद्वानांनी तो प्रथम जातीच्या आणि जमिनीच्या इतिहासात वाचावा.

आता मुख्य कागदाकडे येतो. १९७६ मध्ये नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला. शहरातली जमीन मूठभरांच्या हाती साचू नये, ती सामान्यांच्या घरांसाठी यावी, असा त्याचा उद्देश सांगितला गेला. पवईच्या जमिनीवर सरकारची नजर होतीच. अखेरीस १९ नोव्हेंबर १९८६ रोजी राज्य सरकार, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि जमीनमालकांच्या वतीने हिरानंदानी हे विकासक, यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. सुमारे २३० एकर जमीन, ऐंशी वर्षांचा भाडेपट्टा, दर एकरी चाळीस पैसे. शाळकरी मुलालाही हिशेब येईल : २३० एकरांचे ९२ रुपये होतात. १७९९ च्या परक्या कंपनीने ३,२०० घेतले होते. दोन्ही वेळची जमीन नेमकी एक नाही, काळ एक नाही, आणि नाममात्र भाडे हे सवलतीसाठीच असते, हे मला ठाऊक आहे. सवलतीला माझा आक्षेप नाही. प्रश्न हा की सवलत कोणासाठी होती?

त्याचे उत्तर करारातच आहे. येथे बांधावयाची निम्मी घरे चाळीस चौरस मीटरची आणि निम्मी ऐंशी चौरस मीटरची असावीत, आणि पंधरा टक्के घरे ठरलेल्या स्वस्त दराने सरकारला द्यावीत, असे ठरले होते. चाळीस चौरस मीटर म्हणजे सुमारे ४३० चौरस फूट. झोपडपट्टी पुनर्वसनात नंतर आपल्या लोकांना २२५ चौरस फुटांची खोली मिळाली आणि त्यांनी पेढे वाटले, त्या खोलीच्या जवळजवळ दुप्पट. कारकून, शिक्षक, परिचारिका, गिरणीतला जॉबर यांच्यासाठी तळ्याकाठी कायदेशीर घर. कागदावर हे गाव असे होते.

प्रत्यक्षात काय उभे राहिले ते सर्वांपुढे आहे. हफीझ कॉन्ट्रॅक्टर या वास्तुरचनाकाराच्या आराखड्यातून ग्रीक-रोमन खांबांचे मनोरे, कमानी, घुमट. लहान घरे नकाशात राहिली. एकाला एक जोडून मोठी झाली, विकली गेली. इमारतींची नावे वाचीत एकदा मी मुलांना फिरविले होते : ओडिसी, टोरिनो, ऑक्टेव्हियस. तळ्याला लागून जाणाऱ्या हमरस्त्याचे नाव आदि शंकराचार्य मार्ग. म्हणजे घरात रोम आणि दारात शंकराचार्य! या दोहोंच्या मध्ये आमच्या वस्त्यांनी आपली नावे धरून ठेवली आहेत : फुलेनगर, मिलिंदनगर, जयभीमनगर. आपल्याकडे वस्तीचे नाव ही सजावट नसते. सातबारा नसलेल्यांचा तो सातबारा असतो. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध उभ्या राहिलेल्या लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या, दहा माणसे मेली. ती वस्ती पवईपासून फार दूर नाही.

या मनोऱ्यांच्या पायात जो दगड गेला तो याच टेकड्यांचा. खाणींचा आणि बांधकामाचा राडा पावसाबरोबर तळ्यात उतरला, तळे उथळ झाले. गाळ वाढला त्याचा दोष मात्र काठावरच्या झोपड्यांना देण्याची रीत आहे. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदी कुर्ल्यापर्यंत माणसे घेऊन गेली. ही मिठी विहार-पवईच्या सांडव्यातूनच निघते. वर काठावर दृश्याचा दर, खाली क्रांतीनगरात, बैलबाजारात छपरावर बसलेली कुटुंबे. पाणी एकच.

माझी आई पुढे येथल्या एका इमारतीत धुणीभांडी करी. तेथे कामाच्या बायकांसाठी लिफ्ट वेगळी होती. ती मला एकदा म्हणाली, ‘बाळा, या भिंतीत मी फोडलेली खडी असंल का रे?’ मी काय सांगणार? इमारतीचे नाव लिहीत नाही, कारण अशी एकच इमारत असती तर लिहिले असते.

कराराचा भंग झाला आहे, ही तक्रार उच्च न्यायालयात गेली. जनहित याचिका करणाऱ्यांत मेधा पाटकर होत्या. २२ फेब्रुवारी २०१२ रोजी न्यायालयाने आदेश दिला : आधी चाळीस मीटरची १,५११ आणि ऐंशी मीटरची १,५९३ घरे बांधा, मग दुसरे बांधकाम. येथे मला महाड आठवते. बोल्यांचा ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेचा १९२४ चा. कागदावर तळे खुले झाले होते. प्रत्यक्षात पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ ला, आणि त्यानंतरही तळे आमच्या खाजगी मालकीचे आहे असा दावा घेऊन सवर्ण कोर्टात गेले. उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ ला. ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षे. पवईत करारापासून आदेशापर्यंत पंचवीसहून अधिक. आणि एक मोठा फरक : महाडला हक्क कागदावर होता तेव्हा हजारो माणसे चालत तळ्यावर गेली. पवईच्या कराराची प्रत वस्तीत कोणी वाचली? मीही ती कलमे पहिल्यांदा वर्तमानपत्रात वाचली. करार त्रिपक्षीय होता. चाळीस मीटरच्या घरात ज्याने राहावयाचे तो चौथा पक्ष त्यात नव्हता. त्याला सही मागितली गेली नाही, म्हणून भंग झाला तेव्हा बोलावयालाही तो नव्हता. आपल्या संघटना त्या वर्षांत काय करीत होत्या? नामांतराचा लढा होता, रिडल्सचा मोर्चा होता. ते लढे आवश्यकच होते. परंतु अस्मितेच्या प्रश्नावर लाखोंनी उतरणारा समाज जमिनीच्या कागदापाशी एकटादुकटा उभा राहतो, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. दादासाहेब गायकवाडांनंतर जमीन हा विषय आपण शहरात आणलाच नाही.

तळ्याच्या काठावर महापालिकेने सायकलींसाठी मार्ग बांधावयास घेतला होता. उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये तो बेकायदा ठरविला आणि काढून टाकण्यास सांगितले. चांगले झाले. तळ्यातल्या मगरींना न्याय मिळाला याचा मला आनंद आहे, उपरोधाने म्हणत नाही.

दोन वर्षांनी, ६ जून २०२४ रोजी, जयभीमनगर पाडण्यात आले. बांधकामावर राबणाऱ्यांची ही वस्ती, बहुसंख्य आपली माणसे. पावसाळ्यात राहती घरे पाडू नयेत असा सरकारचाच दंडक असताना सहाशेहून अधिक झोपड्या पोलीस बंदोबस्तात गेल्या. लोकांनी प्रतिकार केला, दगड आले, लाठ्या आल्या, गुन्हे लोकांवर दाखल झाले. कारवाईला आधार म्हणून मानवी हक्क आयोगाच्या आदेशाचे नाव घेण्यात आले होते. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि चौकशी विशेष तपास पथकाकडे सोपविण्यात आली. तोवर कुटुंबे समोरच्या पदपथावर ताडपत्री बांधून पावसाळा काढीत होती.

चांदिवली ते तिरंदाज या पट्ट्यात खाणीवर काम केलेल्या बायका अजून हयात आहेत, पुष्कळशा सत्तरीपुढच्या. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी सुट्टीत त्यांच्याकडे जावे. खाणींची नावे, मुकादमाचे गाव, ब्रासचा दर, कोण सुरुंगात गेले, कोणत्या साली कोणती वस्ती कोठून उठवली, हे लिहून घ्यावे. घरातल्या ट्रंकेत १९७६ च्या झोपडी-गणनेचे फोटोपास, जुनी शिधापत्रिका, विजेची बिले असतात. त्यांच्या नकला काढून घ्याव्यात आणि मूळ कागद त्यांचे त्यांना परत करावेत. करारातली कलमे मराठीत उतरवून वस्तीवस्तीत वाचण्याचे काम दोन शिक्षक मित्रांनी आणि मी सुरू केले आहे. पहिल्या वाचनाला एकोणीस माणसे आली, त्यांत अकरा बायका होत्या. त्यांतल्या एकीने ‘चाळीस मीटर’ म्हणजे किती, ते खडूने रस्त्यावर आखून दाखवायला सांगितले. आम्ही आखले. ती त्या चौकटीच्या आत उभी राहिली, मग मोरी कोठे येईल ते विचारू लागली.