शाळेचं छत कोसळलं तर भरपाई कोण देणार?

पावसाळा लागला की जुन्या वर्गखोल्या, समाजमंदिरं, पाण्याच्या टाक्या यांची धास्ती वाटायला लागते. काही पडलं तर पुढारी येतात, मदत जाहीर होते. ती सानुग्रह मदत. नुकसानभरपाईचा हक्क वेगळा, तो दिवाणी न्यायालयात मागायचा असतो.

यातला मोठा निकाल दिल्लीचा. चांदणी चौकात टाउन हॉलसमोरचा घड्याळाचा मनोरा कोसळून लोक मेले, वारसांनी दावे लावले. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये 'दिल्ली महानगरपालिका विरुद्ध सुभागवंती' या खटल्यात पालिकेलाच जबाबदार धरलं. मनोरा ८० वर्षांचा, आणि तशा बांधकामाचं आयुष्य ४०-४५ वर्षं. आतल्या मालाची पार भुकटी झालेली. दोष बाहेरून दिसत नव्हता, ही सबब चालली नाही. रस्त्यालगतची इमारत ज्याची, त्याने ती वेळोवेळी तपासलीच पाहिजे. तपासणी नाही आणि इमारत पडली, तर पडणं हाच निष्काळजीपणाचा पुरावा. झेडपीच्या शाळेबाबत याच निकालाचा आधार घेता येतो.

इमारत खासगी असेल, संस्थेने फक्त परवानगी दिली असेल, तर मात्र काम अवघड. दिल्लीच्या उपहार सिनेमागृहाच्या आगीत १९९७ ला ५९ जण गेले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई मालक आणि वीज मंडळावर ८५ आणि १५ टक्के अशी टाकली. महापालिका आणि परवाना देणारे सुटले. मला हे पटत नाही, पण निकाल तसा आहे.

म्हणून आधी मालकी बघा. ग्रामपंचायतीत नमुना ८ चा उतारा मिळतो, शाळेचं झेडपीच्या बांधकाम विभागात विचारा. भेग दिसली की शाळा समितीने लेखी अर्ज द्यावा, फोटो जोडावा, आवक क्रमांकासह पोच घ्यावी. 'सरपंचाला सांगितलं होतं' याला कोर्टात फार वजन नसतं. खोलीचा निर्लेखन प्रस्ताव कुठे अडकलाय, हे माहिती अधिकारात १० रुपयांत विचारता येतं, उत्तर ३० दिवसांत.

मृत्यूच्या दाव्याला साधारण २ वर्षांची मुदत आहे. सरकारला पक्षकार करायचं तर आधी २ महिन्यांची नोटीस द्यावी लागते. स्थानिक संस्थांच्या कायद्यांत नोटिशीच्या आणि मुदतीच्या वेगळ्या अटी आहेत, मुदत कमीही असू शकते. त्यामुळे दिवसकार्य झालं की लगेच वकील गाठावा. ऐपत नसेल तर तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो.