फुटरेस्टच्या बोल्टमागचा इतिहास

क्रूझर जातीची मोठी मोटारसायकल घेतलेल्या माणसाची पहिली तक्रार बहुधा गुडघ्यांची असते. कंपनीने बसवलेले फुटरेस्ट उंच माणसाला जवळ पडतात, बुटक्याला लांब. लांबच्या प्रवासात पाय एकाच कोनात राहून आखडतात. मग बाजारातून निराळे फुटरेस्ट आणले जातात. काम वरकरणी किरकोळ आहे: जुने दोन बोल्ट काढायचे, नवा ब्रॅकेट लावायचा, बोल्ट आवळायचे.

लालबाग-परळमधल्या एखाद्या गॅरेजसमोर हे काम चालू आहे अशी कल्पना करा. नव्या फुटरेस्टबरोबर बोल्ट आलेले नाहीत, म्हणून पोऱ्या डब्यातून ८ मिलिमीटरचा बोल्ट काढतो. भोकात तो अगदी बरोबर बसतो. दोन-तीन वेढे हाताने फिरतो आणि अडतो. नवशिक्या म्हणतो, "गंज असेल, पान्याने फिरवू." जाणता मिस्त्री मात्र त्याचा हात धरतो. तो हात का धरतो, याच्या उत्तरात यंत्रयुगाचा जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

दोन बोल्ट, एक भास

हार्ले-डेव्हिडसनच्या परंपरेतल्या अमेरिकी मोटारसायकलींवर बरेचसे बोल्ट इंची मापाचे असतात. त्यांतले एक नेहमीचे माप म्हणजे ५/१६ इंच. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, तेव्हा ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर. आपल्या ८ मिलिमीटरच्या बोल्टशी तुलना केली तर फरक केसाएवढाही नाही. डोळ्याला आणि बोटाला दोन्ही बोल्ट सारखेच वाटतात.

फरक आहे तो आट्यांत. ५/१६ इंची जाड आट्याच्या बोल्टवर इंचाला १८ आटे असतात, म्हणजे एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर, ज्याला कारागीर 'पिच' म्हणतात, १.४१ मिलिमीटर असते. ८ मिलिमीटरच्या नेहमीच्या मेट्रिक बोल्टचे पिच १.२५ मिलिमीटर असते. दर वेढ्याला ०.१६ मिलिमीटरची चूक साठत जाते. तीन वेढ्यांत ती जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरवर पोचते आणि बोल्टचा आटा भोकातल्या आट्यावर चढतो. आता पान्याने जोर लावला, तर पोलादी बोल्टचे काही बिघडत नाही. ॲल्युमिनियमच्या भोकातले आटे मात्र कापले जातात. गॅरेजच्या भाषेत 'आटे गेले'.

आटे गेलेला बोल्ट वरून आवळलेला दिसतो, हा खरा धोका. फुटरेस्ट ब्रॅकेटपासून १० सेंटिमीटर बाहेर आहे आणि खड्डा आला म्हणून ७० किलोचा स्वार क्षणभर त्या एका पायावर उभा राहिला, असे धरू. ब्रॅकेटचे दोन बोल्ट एकमेकांच्या वर-खाली ४ सेंटिमीटर अंतरावर असतील, तर तरफेच्या नियमाने वरच्या बोल्टवर येणारी ओढ ढोबळमानाने ७० × १० ÷ ४, म्हणजे १७५ किलोच्या वजनाएवढी होते. चाक आपटले तर याहूनही जास्त. एवढी ओढ दोन वेढ्यांच्या पकडीवर सोपवणे म्हणजे चालत्या गाडीवर पायाखालची पायरी काढून घेण्यासारखे आहे.

व्हिटवर्थचे सरासरी माप

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये प्रत्येक कारखान्याचा आटा निराळा होता. एका कारखान्याचा बोल्ट हरवला तर त्याच कारखान्यात नवा करून घ्यावा लागे. मँचेस्टरचा यंत्रकार जोसेफ व्हिटवर्थ याने अनेक कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, मोजले आणि त्यांची सरासरी काढली. १८४१ साली त्याने सर्वांसाठी एकच पद्धत सुचवली: आट्याचा कोन ५५ अंश, माथा आणि तळ गोलसर, आणि प्रत्येक जाडीला ठरावीक आटे. आपली मापे सोडून ही मापे घेण्यात फायदा आहे, हे कारखानदारांना हळूहळू पटत गेले.

अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने १८६४ साली दुसरी पद्धत मांडली. त्याचा कोन ६० अंशांचा होता. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंश असल्यामुळे तो आखणे आणि तपासणे सोपे जाते. माथे त्याने गोल न ठेवता सपाट ठेवले, कारण सपाट माथा साध्या लेथवर कमी हत्यारांत पडतो. कुशल कारागीर कमी आणि काम जास्त, अशा देशाला ही पद्धत सोयीची होती. युरोपात १८९८ साली झुरिकच्या परिषदेत मिलिमीटरच्या आट्यांवर एकमत झाले. अशा रीतीने जगात तीन मोठी घराणी तयार झाली.

या घराण्यांतले साम्यही फसवे आहे. ५/१६ इंचाला व्हिटवर्थ आणि अमेरिकी, दोन्ही पद्धतींत इंचाला १८ च आटे आहेत. त्यामुळे एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात बहुधा जातो, पण कोन जुळत नाही. अर्ध्या इंचाला मात्र व्हिटवर्थचे १२ आटे आणि अमेरिकेचे १३. तिथे तो अडतो.

गिरणगावात आलेला आटा

मुंबईत आधी आला तो व्हिटवर्थचा आटा, आणि तो जहाजातून आला. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली. १८५४ साली कावसजी दावर यांनी गिरणी कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेवला तिचे काम सुरू झाले. इंजिने इंग्लंडची, चात्या आणि माग लँकेशायरचे. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कारखान्यांची यंत्रे मुंबईच्या गिरण्यांत उभी राहिली. त्या यंत्रांचा एखादा बोल्ट तुटला तर तो मँचेस्टरहून मागवायला महिने लागले असते. तो इथेच करावा लागे आणि करता येई, कारण आट्याचे माप ठरलेले होते. परळचा रेल्वे कारखाना आणि गिरण्यांची वर्कशॉपे यांत फिटर आणि टर्नर यांच्या पिढ्या तयार झाल्या. १८८७ साली स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटने, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयने, या ज्ञानाला शाळेचे रूप दिले.

मोटारसायकलींचेही तसेच झाले. १९५५ साली मद्रासला बुलेट जुळवली जाऊ लागली, ती इंग्रजी आट्यांसह. त्या जुन्या बुलेटवर काम करणाऱ्याला आणखी एक कोडे सोडवावे लागे. इंग्रजी पान्यावर ३/८ लिहिलेले असते, पण त्याचे तोंड सुमारे १८ मिलिमीटर भरते. तो आकडा बोल्टच्या डोक्याचा नसून दांड्याच्या जाडीचा असतो!

युद्धाने शिकवलेला धडा

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन आणि अमेरिका एका बाजूने लढत होते, पण एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या यंत्राला लागत नव्हता. दुरुस्तीच्या सामानाचे दोन-दोन साठे सांभाळावे लागत. या अनुभवातून १९४८ साली ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी ६० अंशांचा एकच इंची आटा मान्य केला. आज अमेरिकी मोटारसायकलीवर दिसतो तो हाच.

भारताने निराळी वाट धरली. १९४७ साली भारतीय मानक संस्था स्थापन झाली, १९५६ साली वजने-मापांचा कायदा झाला, १९५७ साली नवे पैसे आले. त्याच ओघात आपल्या कारखान्यांनी मिलिमीटरचा आटा घेतला. मुंबईतल्या कारागिराला मात्र तिन्ही घराणी ओळखणे भाग होते. गिरणीत जुने इंग्रजी यंत्र, बाजारात नवा मेट्रिक बोल्ट आणि मधूनच एखादे अमेरिकी यंत्र. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, तेव्हा बोटांनी आटा ओळखायला शिकवणारी एक मोठी शाळाच बंद पडली. २०१० च्या सुमारास मोठ्या अमेरिकी क्रूझर भारतात अधिकृतपणे विकल्या जाऊ लागल्या आणि इंची आटा पुन्हा गॅरेजच्या दारात आला. या वेळी तो ओळखणारे हात कमी होते.

मिस्त्री काय करतो?

म्हणून जाणता मिस्त्री आधी भोकातून निघालेला जुना बोल्ट हातात घेतो. पिच मोजण्याची दातेरी पट्टी त्याच्या आट्यांवर लावून प्रकाशात धरतो. फट दिसली नाही तर माप जुळले. मग तोच प्रकार आणि तीच लांबी मागायला नागदेवी स्ट्रीटच्या दुकानात जातो. नवा बोल्ट आधी नुसत्या बोटांनी पूर्ण आत जातो का, ते पाहतो, पाना त्यानंतर. आवळल्यावर ब्रेकचे आणि गिअरचे पेडल नव्या जागेवरून पायाला सहज लागते का, हे तपासतो. पाय पुढे ताणून बसण्याच्या फुटरेस्टला तर हे फारच महत्त्वाचे. पाय ब्रेकवर आणायला एक सेकंद जास्त लागला, तर ताशी ६० किलोमीटरच्या वेगात गाडी सुमारे १७ मीटर पुढे गेलेली असते. दादरच्या रस्त्यावर तेवढ्यात काय काय आडवे येऊ शकते, ते सांगायला नको.

हा धडा वर्गातही घेता येईल. वेगवेगळे बोल्ट जमवा. प्रत्येक बोल्ट शाईच्या गादीवर फिरवून कागदावर सरळ दाबत लोळवा. आट्यांच्या तिरक्या रेघा उमटतील. बोल्टच्या लांबीच्या दिशेने दहा अंतरे पट्टीने मोजा आणि दहाने भागा. ८ मिलिमीटरच्या बोल्टची दहा अंतरे १२.५ मिलिमीटर भरतील, ५/१६ इंचीची १४.१. एका आट्यात न दिसणारा फरक दहा आट्यांत साध्या पट्टीवर दिसतो. मग विद्यार्थ्यांना विचारा: हे माप निसर्गाने ठरवले आहे का? नाही. ते माणसांनी बसून ठरवले, लिहून ठेवले आणि पाळले. अनोळखी माणसाने हजारो मैलांवर केलेल्या बोल्टवर आपण पाय ठेवून निर्धास्त बसतो, ते या पाळलेल्या शब्दाच्या भरवशावर.