लाइटची 'काच'

रामनवमीची गर्दी नको म्हणून आठवडाभर आधीच काकांना घेऊन पोहरादेवीला गेलो होतो. सेवालाल महाराजांची समाधी, बंजारा समाजाची काशी. (एकेकाळी हजारो बैलांवर मिठाधान्याची वाहतूक करणारा समाज, तोही बिनहेडलाइटचा!) यात्रेच्या तयारीत एका शटरला ऑइलपेंट चालू होता. मी नेमकी तिथेच गाडी लावली. परत येऊन बघतो तर हेडलाइटवर निळे शिंतोडे.

"थिनर मार, दोन मिन्टात निघते," काका म्हणाले. आणि ब्लेड शोधायला लागले.

त्यांचं तरी काय चुकलं? १९७१च्या युद्धात ब्लॅकआउटसाठी गाड्यांचे दिवे अर्धे काळे रंगवायचे. तो रंग काकांनी ब्लेडनेच खरवडला होता. तेव्हाची काच खरोखर काच होती, थिनरने तिचं काही बिघडत नसे.

पॉलिकार्बोनेट १९५३ मधलं. जर्मनीत बायरचा हर्मन श्नेल आणि अमेरिकेत जीईचा डॅनियल फॉक्स, दोघांनाही ते साधारण एकाच वेळी सापडलं. पण अमेरिकेत १९४० पासून काचेचे सीलबंद दिवेच सक्तीचे होते. फोर्डने मागणी लावून धरल्यावर १९८३ मध्ये नियम बदलला आणि १९८४ च्या लिंकन मार्क सेव्हनवर प्लास्टिकची लेन्स आली. हलकी, दगड लागला तरी न फुटणारी, हव्या त्या आकाराची. आपण मात्र अजून 'लाइटची काच'च म्हणतो, आणि घोटाळा इथेच होतो.

साच्यातून निघालेल्या प्लास्टिकमध्ये ताण अडकलेला असतो. थिनर, ॲसिटोन किंवा पेट्रोल लागलं की तिथे बारीक भेगा पडतात, लेन्स धुरकट होते. ब्लेडने तर वरचा संरक्षक थरच जातो, मग उन्हाने पिवळेपणा ठरलेला.

मी काकांना थांबवलं. आधी साबणाचं कोमट पाणी, मग जुन्या एटीएम कार्डाची कड. रंग ओला होता म्हणून बरंचसं त्यातच निघालं. उरलेल्यासाठी मऊ फडक्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही आधी कोपऱ्यात लावून बघून, आणि लगेच पाण्याने धुऊन. मागचे लाल दिवे बहुधा ॲक्रिलिकचे असतात, त्यांना अल्कोहोलही नको, नुसता साबण.

पाऊण तास गेला. एक निळा ठिपका अजून आहे. काका फोनवर विचारतात, "काच निघाली का रे साफ?"