शेतीपंपाच्या केबलची लांबी वाढविणे

विहिरीतील किंवा जलाशयातील पाणी खाली गेल्यावर मोटार पुढे सरकविण्यासाठी अथवा अधिक खोल सोडण्यासाठी स्टार्टर आणि मोटार यांमधील केबलला नवा तुकडा जोडला जातो. महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण भागात, विशेषतः अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात, उन्हाळ्यात हे काम वारंवार करावे लागते. केबल चुकीच्या पद्धतीने वाढविल्यास मोटार जळते. सांधा उघडा राहिल्यास ओल्या जमिनीवरून जाणाऱ्या माणसाचा किंवा जनावराचा जीव जाऊ शकतो.

पार्श्वभूमी

गोदावरीवरील जायकवाडी धरणाची भिंत पैठणजवळ असली, तरी त्याच्या नाथसागर जलाशयाचे पाणी अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे व शेवगाव या तालुक्यांपर्यंत पसरते. जलाशय विस्तीर्ण व उथळ असल्यामुळे पातळी थोडी उतरली तरी काठ बराच दूर जातो. डीपी (रोहित्र) आणि स्टार्टर मात्र जागेवरच असतात. त्यामुळे पाण्यामागे मोटार आणि मोटारीमागे केबल असा क्रम पावसाळ्यापर्यंत चालतो. पारनेर, पाथर्डी यांसारख्या तालुक्यांत बोअरवेलमधील मोटार आणखी खाली सोडताना हाच प्रश्न उभ्या दिशेने येतो.

तारेची जाडी

केबल वाढविताना सर्व लक्ष सांध्याकडे जाते. जाडीचा विचार सहसा मोटार जळाल्यानंतर होतो. तारेचा रोध तिच्या लांबीबरोबर वाढतो आणि जाडीबरोबर घटतो. 4 चौरस मिलिमीटर (बोलीभाषेत 'चार एमएम') तांब्याच्या तारेचा रोध दर किलोमीटरला सुमारे 4.3 ओहम असतो. 5 अश्वशक्तीची थ्री फेज मोटार साधारण 8 अँपिअर प्रवाह घेते. अशी मोटार 500 मीटर अंतरावर या केबलने चालविल्यास वाटेतच 25 ते 30 व्होल्ट कमी होतात. केबल 2.5 चौरस मिलिमीटरची असेल तर ही घट 40 व्होल्टच्या पुढे जाते. 10 चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये ती 10 ते 12 व्होल्टवर येते.

मोटारीचा फिरविण्याचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे दाब दहा टक्क्यांनी घटला की जोर जवळजवळ एक पंचमांशाने कमी होतो. तेवढेच पाणी उचलण्यासाठी मोटार अधिक प्रवाह ओढते आणि तापते. शिवाय मोटार सुरू होताना प्रवाह नेहमीच्या पाच-सहा पट असल्याने ती घट त्या क्षणी सर्वाधिक असते. स्टार्टर वारंवार पडतो म्हणून त्याच्या ओव्हरलोड रिलेची मर्यादा वाढवून ठेवणे हा यावरचा उपाय नव्हे. त्याने मोटारीचे उरलेसुरले संरक्षणही जाते. लांबी दुप्पट झाल्यास जाडीही दुप्पट हवी, हा ढोबळ हिशेब उपयोगी पडतो. ॲल्युमिनियमची केबल स्वस्त असली तरी तितक्याच रोधासाठी ती तांब्याच्या सुमारे 1.6 पट जाड घ्यावी लागते.

सांधा

तिन्ही तारांचे सांधे एकाच जागी न घेता काही अंतरावर मागेपुढे घेतात, म्हणजे एका सांध्याचे आवरण खराब झाले तरी दोन फेज एकमेकांना भिडत नाहीत. तारा तांब्याच्या नळीत दाबून किंवा पीळ देऊन डाख लावून जोडतात. त्यावर रबर टेप ताणून, थरावर थर चढवून गुंडाळतात आणि वरून पीव्हीसी टेप लावतात. केवळ पीव्हीसी टेप पुरत नाही. पाण्यात तिचा चिकटपणा जातो. पाण्यात राहणाऱ्या सांध्यासाठी उष्णतेने आकसणारी, आतून गोंद असलेली नळी किंवा रेझिनचा सांधा अधिक भरवशाचा ठरतो. तांबे व ॲल्युमिनियम थेट पिळून जोडल्यास सांधा गंजून तापतो.

सांधा झाल्यावर तो पाण्याच्या बादलीत बुडवून, तारांची टोके कोरडी ठेवून, 500 व्होल्टच्या मेगरने तपासतात. विद्युतरोध किमान 1 मेगाओहम असावा. नव्या सांध्यात तो बराच जास्त मिळतो. जोडताना दोन फेज उलटसुलट झाल्यास मोटार उलटी फिरते आणि पाणी फार कमी येते. जमिनीवरील सांधा खांबाच्या किंवा बांबूच्या आधाराने ओलीपासून उंच ठेवतात.

अर्थिंग

पाणबुडी मोटारीच्या प्रचलित चपट्या केबलमध्ये लाल, पिवळी व निळी अशा तीनच तारा असतात. अर्थिंगची तार स्वतंत्र ओढावी लागते. मोटार सरकविताना हीच तार बहुधा मागे राहते. नुसती सळई मातीत ठोकून भागत नाही. कोरड्या जमिनीत तिचा रोध 20 ओहम असेल, तर फेज मोटारीच्या सांगाड्याला लागल्यावर सुमारे 12 अँपिअरच वाहतात. तेवढ्याने फ्यूज उडत नाही आणि सांगाडा 'जिवंत' राहतो. म्हणून चांगल्या अर्थिंगबरोबर गळती ओळखून पुरवठा तोडणारा आरसीसीबी लावणे आवश्यक आहे. माणसाच्या संरक्षणासाठी तो 30 मिलिअँपिअरचा असतो.

पुरवठा बंद करणे

शेतीला थ्री फेज वीज पाळीने, अनेकदा रात्री मिळते. वीज गेलेली असताना केबल जोडायला घेणे हे अपघाताचे मोठे कारण ठरू शकते, कारण पुष्कळ ठिकाणी स्टार्टरला 'ऑटो स्विच' असतो आणि वीज येताच मोटार आपोआप सुरू होते. त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी मेन स्विच पाडून, फ्यूज काढून स्वतःजवळ ठेवतात आणि टेस्टरने तिन्ही तारा तपासतात. डीपीवरील फ्यूज काढण्याचे काम मात्र महावितरणच्या कर्मचाऱ्याचेच आहे. राळेगणसिद्धी (ता. पारनेर) येथे 2017 मध्ये सुरुवात झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा उद्देश शेतीला दिवसा वीज देणे हा आहे; केबलचे काम उजेडात होणे हा तिचा फारसा न बोलला जाणारा लाभ होय.

फिरत्या वाहनांतील केबल

महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. अशा वाहनांना तळावरील खांबातून वीज घ्यावी लागते आणि तेथेही जाडी, सांधा व अर्थिंग हेच तीन प्रश्न येतात. आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्र आयोगाच्या मानकात कॅराव्हॅनच्या केबलची लांबी सुमारे 25 मीटर आणि 16 अँपिअरसाठी जाडी 2.5 चौरस मिलिमीटर धरली आहे. उरलेली केबल गुंडाळीतच ठेवून वापरल्यास आतील उष्णता बाहेर पडत नाही व आवरण वितळू शकते, म्हणून ती पूर्ण उलगडून जमिनीवर पसरतात.