शिळ्या भाताचा निवाडा

रात्री उरलेला भात सकाळी खावा की टाकावा, हा निवाडा मराठी घरांत पिढ्यानपिढ्या रोज होत आला आहे. तो करणाऱ्या व्यक्तीला त्यासाठी कोणी अधिकारपत्र दिले नव्हते, आणि तिचा निर्णय सहसा कोणी तपासूनही पाहिला नाही. झाकण काढायचे, वास घ्यायचा, दोन शिते बोटांत चुरडून पाहायची आणि ठरवायचे. या साध्या कृतीमागे एक लांबचा इतिहास आहे. त्यात धर्मशास्त्र आहे, भाषा आहे, जात आहे आणि गेल्या दीडशे वर्षांतले जंतुशास्त्रही आहे. हे सारे प्रवाह एकमेकांशी नीट जुळत नाहीत, म्हणूनच तो पाहण्यासारखा आहे असे आम्हाला वाटते.

आरंभ शब्दांपासून करू. ‘शिळे’ हा शब्द संस्कृत ‘शीतल’पासून आला. मुळात त्याचा अर्थ निवलेले, थंड झालेले, एवढाच. शास्त्रग्रंथांतला प्रतिशब्द आहे ‘पर्युषित’. त्याच्या मुळाशी ‘वस्’ म्हणजे राहणे हा धातू आहे, तेव्हा पर्युषित म्हणजे रात्रभर वस्ती केलेले. अंघोळ न केलेल्या माणसाला आणि आदल्या दिवशी भरलेल्या पाण्याला आपण ‘पारोसे’ म्हणतो, तो शब्दही याच कुळातला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की यांपैकी एकाही शब्दात वास नाही, चव नाही, बिघाड नाही. एकात तापमान आहे, दुसऱ्यात काळ आहे. अन्न चांगले की वाईट याविषयी हे शब्द काहीच सांगत नाहीत. ते किती वेळ राहिले आणि किती निवले एवढेच सांगतात.

बिघाडाचे शब्द वेगळे आहेत आणि ते स्वयंपाकघरातले आहेत. वरण विटते. दूध नासते किंवा फाटते. भाकरी बुरसते. शेंगदाणे आणि खोबरे खवट होते. भाजीला तार सुटते. पीठ आंबते. यातला प्रत्येक शब्द एका इंद्रियाकडे बोट दाखवतो: बुरशी डोळ्याला दिसते, तार बोटाला लागते, खवटपणा जिभेला आणि आंबूसपणा नाकाला कळतो. यातही ‘आंबणे’ हे क्रियापद विशेष. तीच घटना आंबोळीच्या पिठात कौशल्य ठरते आणि आमटीच्या पातेल्यात नुकसान. आंबील मुद्दाम करायची असते, आंबलेली आमटी ओतून द्यायची असते. गृहिणीला हा फरक कळत होता, कारण तिच्यापाशी एक बारीक शब्दसंग्रह होता. त्याची बरोबरी ग्रंथांतल्या एकट्या ‘पर्युषित’ने होत नाही.

तर निवाड्याची दोन शास्त्रे होती. एक घड्याळाचे, दुसरे नाकाचे.

घड्याळाचे शास्त्र प्रथम पाहू. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात तामस आहाराच्या वर्णनात ‘यातयाम’ आणि ‘पर्युषित’ ही दोन्ही विशेषणे येतात. याम म्हणजे प्रहर, तीन तास. त्यामुळे यातयाम म्हणजे शिजून प्रहर उलटलेले, असा सरळ अर्थ अनेकांनी घेतला. शंकराचार्यांनी मात्र तो तसा घेतला नाही. त्यांनी ‘अर्धवट शिजलेले’ असा अर्थ लावला, कारण रस निघून गेल्याचे शेजारच्या ‘गतरस’ या शब्दाने सांगून झालेच आहे. ज्ञानेश्वरांनी याच जागी दुपारची आणि दुसऱ्या दिवसाची भाषा आणली, म्हणजे प्रहराचे गणित घराच्या जेवणवेळांत उतरवले. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिजलेले अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांहून अधिक ठेवू नये. प्रहर आणि दोन तास यांची जवळीक पाहून ‘आपल्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते’ असे म्हणण्याचा मोह पुष्कळांना होतो. आम्हाला तो होत नाही. गीतेतला तो श्लोक कोणाला कोणते अन्न आवडते हे सांगतो, ते खाल्ल्याने पोट बिघडेल असे सांगत नाही. तिथे प्रश्न वृत्तीचा आहे.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातला नियम अधिक व्यवहारी आहे. पर्युषित अन्न वर्ज्य, पण तेलातुपाने युक्त असलेले चालेल, हविष्याचे उरलेले चालेल, जव आणि गव्हाचे पदार्थ फार वेळ राहिले तरी चालतील, दुधाचे विकारही चालतील. आंबलेले वर्ज्य, पण दही व दह्याचे पदार्थ चालतील. या यादीत भात नाही. हे चांगले निरीक्षण आहे की केवळ योगायोग, याचा निकाल आम्ही देणार नाही. दुधाच्या पदार्थांना दिलेली मोकळीक मात्र आजच्या ज्ञानाला मुळीच मानवणारी नाही, ते पुढे दिसेलच.

या अपवादांतून मराठी घरांत एक संपूर्ण प्रवासी पाककला उभी राहिली. पाण्यात शिजलेले ते खरकटे, म्हणून भात खरकटा. पीठ पाण्याऐवजी दुधात मळले की ती दशमी झाली आणि ती शिदोरीला चालू लागली. लाडू, गूळपोळी, धपाटे, सोलापुरकडची कडक भाकरी, हे सारे ‘टिकणारे’. सोवळ्याचा हेतू वेगळा होता हे खरे. पण पाणी कमी, स्निग्धता अधिक, गोडी किंवा आंबटपणा भरपूर, हे तत्त्व टिकाऊपणाचेही आहे. कडक भाकरीत जंतूंना वाढण्यापुरते पाणीच उरत नाही. ताक-दह्यातले आम्ल बऱ्याच उपद्रवी जंतूंची वाढ रोखते. बंगालमधला पांता भात आणि ओडिशातला पखाळ हे रात्रभर पाण्यात भिजवलेले भात आहेत. तिथे शिळेपण हा दोष नसून तोच पदार्थ आहे. आपल्याकडेही शिळासप्तमीला शिळे खाण्याचा आचार आहे. ज्या परंपरेने पर्युषिताला तामस ठरवले, तिनेच वर्षातून एक दिवस त्याला नैवेद्याचा मान दिला.

आता नाकाचे शास्त्र. त्याची प्रतिष्ठा केवळ घरात नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या अन्नाची परीक्षा अग्नीत आणि पक्ष्यांपुढे टाकून करायला सांगितली आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात अन्नरक्षेचा स्वतंत्र अध्यायच आहे. विषारी अन्न पाहून चकोराच्या डोळ्यांचा रंग बदलतो, अशी लक्षणे तिथे दिली आहेत. गृहीतक एकच: अन्नातले अनिष्ट कोणत्या ना कोणत्या इंद्रियाला, माणसाच्या नाही तर पक्ष्याच्या, कळतेच. राजापाशी चकोर, घरात गृहिणीचे नाक.

हे गृहीतक भारतापुरते नव्हते. युरोपातही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अन्नविषबाधा म्हणजे सडण्यातून निर्माण झालेले विष, ‘टोमेन’, असे मानले जाई. जे सडलेले दिसत नाही ते निर्धोक. या समजुतीला पहिला मोठा धक्का १८८८ साली जर्मनीतल्या फ्रांकेनहाउझेन गावी बसला. आजारी गाईचे मांस खाऊन अनेक लोक आजारी पडले. ऑगस्ट गेर्टनर यांनी त्या मांसातून आणि दगावलेल्या माणसाच्या शरीरातून एकच जंतू वेगळा केला. तो आज साल्मोनेला कुळात गणला जातो. मांस दिसायला आणि वासाला चांगले होते. म्हणजे नाकाने आपले काम चोख केले होते, फक्त ज्याचा शोध घ्यायचा त्याला वास नव्हता.

पुढची घटना फिलिपीन्समधली, १९१४ची. मार्शल बार्बर या संशोधकाने कासदाह झालेल्या गाईच्या दुधाचा अभ्यास केला. ते दूध ताजे असताना प्यायल्यास काही होत नसे. तेच उष्ण हवेत काही तास राहिले की उलट्या होत. बार्बरने प्रयोग स्वतःवर केला. दुधातला स्टॅफिलोकोकस जंतू वाढताना विष तयार करतो, आणि तेवढ्या अवधीत दूध नासलेले असेलच असे नाही. इथे शिळेपणाची व्याख्या पुन्हा घड्याळाकडे गेली, पण आता तिच्यात सोवळे नव्हते. रात्रभर बाहेर राहिलेली बासुंदी मनूला चालली असती, बार्बरला चालली नसती.

भाताचा प्रश्न मात्र अजून सुटला नव्हता. त्याची गुरुकिल्ली ऑस्लोच्या रुग्णालयांतल्या एका गोड पदार्थात सापडली. १९४७ ते १९४९ या काळात तिथे व्हॅनिलाचा सॉस खाऊन शेकडो लोक आजारी पडले. सॉस आदल्या दिवशी करून मोठ्या भांड्यांत तसाच ठेवलेला होता. स्टाइनार हाउगे यांनी त्यातल्या पिष्टात बॅसिलस सेरियस हा मातीतला, धान्यावर सर्रास आढळणारा जंतू शोधला, आणि खात्री पटवण्यासाठी तो वाढवलेला सॉस स्वतः प्यायला. त्यांनाही व्हायचे ते झाले. या जंतूचे बीजाणू उकळण्याने मरत नाहीत. अन्न शिजते तेव्हा इतर जंतू नष्ट होतात, बीजाणू तग धरतात, आणि पातेले कोमट होऊ लागले की त्यांना मोकळे रान मिळते.

यानंतर १९७१पासून ब्रिटनमध्ये चिनी उपाहारगृहांतला तळलेला भात खाऊन तासा-दोन तासांत उलट्या होण्याची प्रकरणे नोंदली जाऊ लागली. तिथली पद्धत अशी: भात एकदम मोठ्या प्रमाणात शिजवायचा, रात्रभर बाहेर निवत ठेवायचा, आणि मागणीप्रमाणे अंड्याबरोबर झटपट परतायचा. शीतपेटीत ठेवलेला भात चिकटतो आणि नीट परतला जात नाही, म्हणून तो बाहेर. वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की हा फोडणीचा भात आहे. आपल्याकडेही ताज्या, मऊ भाताला फोडणी साधत नाही. भात मोकळा हवा, म्हणजे कालचा हवा. बॅसिलस सेरियस भातात जे उलटीचे विष तयार करतो, ते सेर्यूलाइड. १२१ अंश सेल्सिअसला दीड तास तापवूनही ते टिकते. मोहरी तडतडली, हळद-तिखट पडले, भात वाफाळला, तरी आधी तयार झालेले विष जागच्या जागी राहते. त्याला वास नाही, चव नाही. शिळ्या कढीला ऊत आणण्याचा वाक्प्रचार आपण साहित्यचर्चेत नित्य वापरतो. त्यामागची स्वयंपाकघरातली श्रद्धा, की पुन्हा उकळले म्हणजे पुन्हा ताजे झाले, ती या एका रेणूपुढे टिकत नाही.

मग इतकी घरे इतकी वर्षे फोडणीचा भात खाऊन सुखरूप कशी राहिली? घरात भात थोडा उरतो आणि लहान भांड्यात तो लवकर निवतो. सगळ्याच भातात विष तयार होत नाही. शिवाय झालेला त्रास बहुधा दिवसभरात शमतो आणि आपण त्याला ‘काहीतरी बाधले’ म्हणून विसरतो. ‘बाधणे’ या शब्दात जंतूपासून दृष्टीपर्यंत सारे मावते, म्हणून त्यातून कारणाचा माग काढता येत नाही. नाकाच्या शास्त्राच्या चुका अशा नोंदीविना राहिल्या आणि त्याची कीर्ती अबाधित राहिली.

इथवर आपण निवाडा कसा होतो ते पाहिले. शिळे कोण खाते हा प्रश्न त्याहून कठीण आहे, आणि आमच्या मते या इतिहासाचा गाभा तोच आहे. पंगतीत ताजे वाढले जाई. उरलेसुरले, शिळेपाके घरातल्या बाईच्या वाट्याला, बहुतेक वेळा सुनेच्या. वास घेणारीच जर खाणारी असेल तर तिचे नाक तटस्थ राहू शकत नाही: टाकले तर अन्नाचा अवमान आणि सासूचा बोल, खाल्ले तर फार तर पोटदुखी. घराबाहेर हाच हिशेब जातीने होई. महारांच्या वतनी कामाचा मोबदला म्हणून घरोघरची भाकरी गोळा केली जाई. त्या टोपलीत ताजे किती आणि शिळे किती हे घेणाऱ्याच्या हाती नव्हते. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) या पुस्तकांतून ही व्यवस्था आतून दिसते. ज्याच्यापुढे भूक आहे त्याला विटलेले आणि न विटलेले यांतला भेद कळत नसतो असे नाही. त्या भेदाप्रमाणे वागण्याची मुभा त्याला नसते. मार्च १९२७मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस आणि उष्टे तुकडे यांचा त्याग करण्याचे आवाहन केले. त्याकडे आपण स्वाभिमानाची हाक म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण अन्न नाकारण्याचा अधिकार मागणारी ती हाक होती, या बाजूनेही ती वाचली पाहिजे. मनूच्या नियमात पर्युषित नाकारण्याचा अधिकार द्विजाचा आहे. ते नाकारलेले अन्न जाणार कुठे, याचा प्रश्न तो नियम विचारीत नाही.

१९५८ साली गोदरेजने देशातला पहिला भारतीय बनावटीचा रेफ्रिजरेटर काढला, आणि पुढील काही दशकांत मध्यमवर्गीय घरांतून शिंके आणि जाळीचे कपाट हळूहळू नाहीसे झाले. त्याबरोबर भाषाही हलली. ओट्यावर रात्रभर राहिलेली भाजी शिळी, पण फ्रिजमधली भाजी ‘कालची’. ज्या शब्दाचा मूळ अर्थच थंड असा होता, तो आता थंड ठेवलेल्या अन्नाला लावला जात नाही. ही नवी विभागणी जंतुशास्त्राला बरीचशी मान्य आहे, अट एवढीच की भात शिजल्यावर तास-दोन तासांत, पसरट भांड्यात निववून आत गेला पाहिजे. सकाळी आठवण झाल्यावर नव्हे. विष एकदा तयार झाले की थंडीही ते काढून घेत नाही.

आणि त्या फ्रिजमधले ‘कालचे’ आजही पुष्कळ घरांत दुपारी कामाला येणाऱ्या बाईंच्या डब्यात जाते. देताना ‘चांगलं आहे, कालचंच आहे’ असे सांगितले जाते. ते किती वाजता आत ठेवले गेले, हे सांगितले जात नाही आणि विचारलेही जात नाही.