भटका योद्धा आणि आपल्या घाटातला बेरड

हाती शस्त्र आहे, पण डोक्यावर कायमचा धनी नाही, असा वाट तुडवणारा लढवय्या जगातल्या अनेक साहित्यांत भेटतो. आपल्या बेळगाव-निपाणी परिसरातही तो होता. मात्र साहित्याने इतरत्र त्याला मान दिला आणि आपल्याकडे त्याच्या नावाची शिवी झाली. असे का झाले, याची ही थोडक्यात माहिती.

इतर देशांत

चीनमध्ये सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी स्स-मा छियन या इतिहासकाराने आपल्या ग्रंथात भटक्या वीरांसाठी स्वतंत्र प्रकरण ठेवले. सरकारच्या लेखी ते गुन्हेगार होते, पण दिलेला शब्द पाळणारे म्हणून त्याने त्यांची नोंद घेतली. जपानमध्ये धनी गमावलेल्या सामुराईला ‘रोनिन’ म्हणत, म्हणजे लाटेसारखा वाहत जाणारा माणूस. 1703 साली आपल्या धन्याचा सूड घेणाऱ्या सत्तेचाळीस रोनिनांवर 1748 मध्ये नाटक आले आणि ते आजही होते. युरोपात साहसाच्या शोधात फिरणाऱ्या नाईटच्या कथा बाराव्या शतकापासून लिहिल्या गेल्या. सर्व्हांतेसने ‘डॉन किहोते’मध्ये (1605 आणि 1615) त्यांची थट्टा केली, पण वाचक त्या वेड्या म्हाताऱ्याच्याच प्रेमात पडले. ‘नाईट’ या शब्दाचा जुन्या इंग्रजीतला अर्थ पोऱ्या किंवा चाकर असा होता. पुढे तीच मानाची पदवी झाली.

आपल्याकडे

मराठी फौजेत स्वतःचा घोडा घेऊन येणाऱ्या स्वाराला शिलेदार म्हणत, तर सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. शिलेदार पोवाड्यांत आणि कादंबऱ्यांत पोहोचला. डोंगर-जंगलातला बेरड मात्र बाहेर राहिला.

कन्नडमध्ये ‘बेड’ म्हणजे शिकारी. बेडर, बेरड, नायक ही त्याच समाजाची नावे. गडाची शिबंदी, घाटाची राखण, गावाची रखवाली ही त्यांची कामे. 1705 साली औरंगजेबाने जातीने वेढलेला वाकिणखेडा हा बेरड नायकांचा किल्ला होता, आणि त्यांच्या मदतीला धनाजी जाधवांची फौज गेली होती. ती बादशहाची अखेरची मोठी मोहीम.

राज्ये गेली तशी राखणीची कामेही गेली. 1857 मध्ये कंपनी सरकारने हत्यारे जमा करण्याचा हुकूम काढला, तेव्हा मुधोळ संस्थानातील हलगलीच्या बेरडांनी तो धुडकावला. नोव्हेंबरअखेर फौजेने गावावर चाल केली, अनेकांना फाशी झाली. हलगलीच्या लढ्याची कन्नड लावणी लोकांनी जपली आणि फ्लीट या इंग्रज अधिकाऱ्याने ती नोंदवूनही ठेवली. 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण संशय तसाच राहिला.

मराठी पुस्तकांत

या माणसाला मराठीत आणले ते सीमाभागातल्याच लेखकांनी. कोवाडच्या रणजित देसाईंची ‘बारी’ (1959) ही बेळगाव-कोल्हापूर सरहद्दीवरच्या जंगलातील बेरडांची कादंबरी. बारी म्हणजे खिंड, घाटवाट. ‘स्वामी’ आणि ‘श्रीमान योगी’ घरोघरी आहेत, ‘बारी’ मात्र कमी घरांत दिसते. पुढे बेळगावजवळच्या यमनापूरच्या भीमराव गस्तींनी ‘बेरड’ हे आत्मकथन लिहिले. कुठेही चोरी झाली की पोलीस थेट वस्तीवर कसे येतात, हे वस्तीतल्याच माणसाने त्यात सांगितले आहे. देवदासी प्रथेविरुद्ध आणि आपल्या समाजासाठी गस्ती आयुष्यभर झटले.

एक शब्द

मराठीत ‘बेरड’ म्हणजे निगरगट्ट, निर्लज्ज माणूस. मुलगा ऐकेनासा झाला की ‘बेरड कुठला!’ असे आपण सहज म्हणतो. आम्हीही म्हणत आलो. बँकेच्या नोकरीत काही वस्त्यांचे पत्ते दिसले की कर्जाचा अर्ज आम्ही दोनदा तपासत असू. तसा कोणताही लेखी नियम नव्हता. ती आमचीच सवय होती, आणि ती कुठून आली हे ‘बेरड’ वाचल्यावर कळले.

‘नाईट’ हा चाकराचा शब्द कथाकारांच्या हाती पडून वर चढला. ‘बेरड’ हा शिकाऱ्याचा, राखणदाराचा शब्द पोलिसांच्या नोंदवहीतून खाली आला. तो पुन्हा वर आणणे आपल्या हाती आहे. निपाणीहून बेळगावला जाताना सुतगट्टीचा घाट लागतो. पुढच्या वेळी तिथून जाताना मुलांना सांगावे, की घाटवाटा राखणाऱ्या माणसांना बेरड म्हणत. आणि घरात ती शिवी निघाली, तर तिथेच थांबवावी.